गुलाबभाऊंच्या काउंटरवरचे दोन लॅपटॉप

दोन पंखे, दोन मेमरीच्या पट्ट्या, पाठीवर अकरा स्क्रू, झाकणावर एक ओरखडा आणि एक थकलेली बॅटरी. पांढुर्ण्याच्या दुकानात गुलाबभाऊंनी मला पहिल्यांदा उघडले, तेव्हा माझ्याकडे एवढे होते. त्यांनी बॅटरी नवी घातली, पंख्यांतली धूळ काढली आणि बाकी सारे होते तसे ठेवले. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. ओरखडा सोडला तर माझ्यात खोट नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. महागड्या जातीचा म्हणून मला मोठ्या कंपनीने घेतले. तिथे मी पुलांची आणि धरणांची गणिते केली. "याला तोड नाही," असे माझा इंजिनीअर म्हणायचा. दर तीन वर्षांनी लॅपटॉप बदलायचे, असा कंपनीचा नियम होता; त्याप्रमाणे त्याने मला न विचारताच परत केले. आम्ही चाळीस जण एका खोक्यात भरून नागपूरला आलो, तिथून मी इथे. काउंटरवर माझ्या शेजारी एक नवाकोरा लॅपटॉप होता. त्याची किंमत माझ्याएवढीच होती आणि ताकद माझ्या निम्मी.

एका शुक्रवारी संध्याकाळी प्रभाकर गुरुजी आणि त्यांची मुलगी मानसी दुकानात आले. मानसी नुकतीच एम.एस्सी. झाली होती. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत तिची निवड एका कामावर अडली होती. ड्रोनने काढलेली संत्र्याच्या बागांची बाराशे छायाचित्रे तिला दिली होती. प्रत्येकातली वाळलेली झाडे मोजून सोमवारी पाचच्या आत आकडे पाठवायचे होते. अर्धवट काम घेतले जाणार नव्हते. मोजणारा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला होता.

तिने पेनड्राइव्ह काढला आणि तीच दहा छायाचित्रे आम्हा दोघांना दिली. मला एका छायाचित्राला एक मिनिट लागले, नव्याला दोन.

"बाबा, हा घेऊ," ती माझ्यावर हात ठेवून म्हणाली. मित्रांनो, कितीतरी महिन्यांनी कोणी माझ्यावर असा हात ठेवला होता.

"हा त वापरलेला आहे."

"मंग काय झालं? वीस तासांत काम संपते."

"अन् नव्यावर?"

"चाळीस."

"सोमवारच्या पाचपर्यंत बसते का नाही?"

मानसीने खरे तेच सांगितले. "बसते. पण बाबा..."

"बसते त झालं! उद्या जामसांवलीच्या मारुतीले नेऊ, पूजा करू. आपल्या घरी फ्रीज नेला, गाडी नेली, तुह्या आईची शिलाई मशीनही नेली. आता कोणाच्या उष्ट्याले मी मारुतीपुढं कसा ठेवू?"

गुलाबभाऊ हसले. "गुरुजी, मारुती काही बिल नाही मागत जी."

"मारुती नाही मागत, पण तुह्या काकू विचारतेत."

नवा बांधला गेला. मानसी खोका हातात घेऊन म्हणाली, "मी घरी गेल्याबरोबर सुरू करते."

"पूजेआधी बटन नाही दाबायचं, बाई. एक दिवसानं काय होते?"

एका दिवसाने काय होते ते मला ठाऊक होते. पण काउंटरवरच्या वस्तूला कोण विचारतो?

शनिवारी तिगावचा एक माणूस मुलाचा नवा लॅपटॉप घेऊन आला. "नवा घेतला, तरी झोपा काढून राहिला," म्हणाला. गुलाबभाऊंनी माझे अकरा स्क्रू काढले आणि माझ्या दोन्ही मेमरीच्या पट्ट्या त्याच्या यंत्रात बसवल्या. ते धावू लागले. माणूस खूश झाला. पट्ट्या कुठून आल्या हे त्याने विचारले नाही आणि गुलाबभाऊंनी सांगितले नाही. मुलगा ते घेऊन त्याच रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला. ज्या वस्तूला कोणी देवापुढे ठेवणार नव्हते, तिचे काळीज मात्र नव्यात चालले.

रविवारी दुपारी मानसी धावत आली. हातात नवा लॅपटॉप होता, झाकणावर कुंकवाचे बोट.

"भाऊ, एका फोटोले चार मिनिटं लागून राहिले. काल संध्याकाळपासून दोनशे अडुसष्टच झाले. मले तो जुना द्या, फक्त उद्यापर्यंत."

गुलाबभाऊंनी मला उचलून उलटे केले. "त्याची मेमरी मी काल काढली, मॅडम. दुसरी नागपूरहून मंगळवारी येईन."

"याची काढून त्यात घाला ना!"

"याची बोर्डालेच चिकटून असते. निघत नाही."

त्यांनी नवा उलटा केला. पोटाला प्लॅस्टिकची पारदर्शक पन्नी घट्ट चिकटवलेली होती. हवा घ्यायची सगळी भोके बंद, म्हणून तो तापून मंदावला होता. टीव्हीच्या रिमोटला घालतात तशी, कडा दुमडून, सेलोटेप लावून.

"हे कोणं केलं?"

मानसी ते पाहत राहिली. "मले वाटलं, कंपनीचीच आहे." मग हळूच म्हणाली, "पूजा झाल्यावर बाबा गाडीत काहीतरी करून राहिले होते."

पन्नी निघाली. थोड्या वेळाने एका छायाचित्राला पुन्हा दोन मिनिटे लागू लागली. घरी वीज जाते, दुकानात इन्व्हर्टर आहे, म्हणून तो माझ्या शेजारीच चालत ठेवला. मी आत रिकामा, तो धापा टाकत. सोमवारी गुरुजीही शाळेतून थेट इथे आले आणि स्टुलावर बसले.

"देवाची वस्तू आहे, खराब नको व्हायले म्हणून लावली होती मी," ते म्हणाले.

मानसीने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती पडद्याकडे बघत होती.

मित्रांनो, मला घ्याच, असे मी म्हणत नाही. जुन्याला हार घाला, असेही नाही. पण वस्तू घेताना ती कोणाच्या हातातून आली एवढेच विचारू नका, तिच्याकडून काय करून घ्यायचे आहे तेही विचारा. आणि घेतली की तिला श्वास घेऊ द्या. तिला जपायचे म्हणून गुदमरवू नका.

पाच वाजता संस्थेच्या संकेतस्थळावरचे आकडे भरायचे पान बंद झाले. तेव्हा पडद्यावर आकडा होता : बाराशेपैकी अकराशे तेवीस.