गोटूचं केळीचं पान

"मैडम, ही हिरवी काच कुठून आणली?"

चुडामणनं हातातली केळ्यांची फणी खाली ठेवली आणि तो शाळेच्या फाटकाजवळच्या भिंतीला नाक लागेल इतका पुढे झाला. वैजयंतीबाईंचा चेहरा खुलला. भिंतीवरच्या चित्राबद्दल कुणी काही विचारलं की त्या हातातलं काम टाकून सांगत बसत. समोरच्याला घाई आहे की नाही याचं त्यांना भान राहत नसे. लोधीपुऱ्यातल्या या विशेष मुलांच्या शाळेत त्यांची उमर गेली होती. यंदा त्यांनी मुलांना हाताशी धरून फुटक्या फरश्या, कपबश्यांचे तुकडे, बांगड्यांच्या काचा सिमेंटवर बसवत आख्खी तापी भिंतीवर आणली होती. काठाला केळीची बाग होती. मासे जरा म्हशीएवढे झाले होते, पण त्यांना कोण बोलणार?

"तुमच्या गोटूनंच आणली, भाऊ. आणि ते केळीचं पानही त्यानंच लावलंय. मी बोटसुद्धा लावलं नाही."

चुडामण गोटूचा काका. दापोऱ्याहून पुतण्याला भेटायला आला होता. कौतुक ऐकूनही तो हसला नाही.

"ह्या वहिनीच्या बांगड्या हायेत, मैडम," तो हळूच म्हणाला. "दादा गेला त्या दिवशीच्या."

वैजयंतीबाई शेजारच्या पायरीवर बसल्या.

घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या बजावत, "फुटकं काही दिसलं तर टाकू नका, माझ्यासाठी आणा." गोटूला एक गोष्ट दहादा सांगावी लागे आणि सांगून झाली की तो पुन्हा पहिल्यापासून विचारी. पण हे मात्र त्यानं पक्कं धरलं होतं. बाप गेला म्हणून त्याला वसतिगृहातून घरी नेलं. अंगणात रडारड चाललेली, बायांनी त्याच्या आईचे हात धरून बांगड्या फोडलेल्या. आणि हा सगळ्यांच्या पायांमधून वाकून काचा वेचत होता. बाप गेला म्हणजे काय झालं ते त्याला कळलं की नाही, देव जाणे. मैडमला फुटक्या बांगड्या लागतात, एवढं त्याला कळत होतं.

शाळेत आल्यावर त्यानं रुमालाची गाठ सोडली होती आणि वैजयंतीबाई म्हणाल्या होत्या, "शाब्बास रे माझ्या वाघा!" स्वतः विधवा असून त्यांच्या मनात काही आलं नव्हतं. हिरवा रंग पाहून त्या हरखल्या होत्या, बस.

"बाया धुंडून धुंडून थकल्या," चुडामण सांगत होता. "आमच्यात ते तुकडे घरात नाई ठेवत, तापीत सोडतात. आई तं म्हणे, कोणी करणी करायले नेले. पण हे पोराचं पान... आता तुम्हीच पाहा मैडम, काय करायचं ते. तुमच्यावरच सोडतो मी."

त्या रात्री वैजयंतीबाईंना झोप लागली नाही. मालक गेल्यावर त्यांच्याही काचा बायांनी वेचून नेल्या होत्या, आणि तरी पुढे कधीतरी मोरी घासताना एक तुकडा निघाला होता. तो हातात घेऊन त्या दिवसभर मोरीतच बसून राहिल्या होत्या. आता गोटूची आई धुरपदाबाई मुलाला भेटायला दर खेपेला याच फाटकातून येणार, आणि समोर काय बघणार? नाही. तिच्यावर ही पाळी आणायची नाही.

पण पान गोटूचं होतं. आजवर कुठलंही काम त्यानं पुरं केलं नव्हतं. दोन तुकडे चिकटवले की तो उठून जाई. या पानापाशी मात्र तो जेवण सोडून बसला होता. बांगडीचे वाकडे तुकडे त्यानं एकापुढे एक असे लावले होते की पान वाऱ्यानं कलल्यागत दिसे. त्यानंतर शाळेत येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी दूधवाल्यालासुद्धा, तो हाताला धरून भिंतीपाशी नेई आणि म्हणे, "मी."

दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात गेल्यावर वैजयंतीबाईंनी छन्नी-हातोडी घेतली. त्यांनी ठोके हळूच घातले, तरी ते ऐकून गोटू आलाच. तो रडेल, ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काहीच त्यानं केलं नाही. तो छन्नीखाली उकिडवा बसला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. फुटकं टाकायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

"नवीन लावू हं बेटा. याहून छान लावू."

ओंजळ भरली तशी गोटूनं ती त्यांच्यापुढे केली. चुडामणनं येऊन तुकडे नेले आणि राजघाटावर तापीत सोडले. त्यानंतर वैजयंतीबाईंनी हिरव्या फरशीचे तुकडे गोटूपुढे कितीदा तरी ठेवले. तो हात मागे बांधून बसून राही.

सव्वा महिना झाल्यावर धुरपदाबाई पहिल्यांदा घराबाहेर पडली ती शाळेतच आली. वैजयंतीबाई ती रिकामी जागा स्वतःच बुजवायला म्हणून घमेल्यात सिमेंट कालवत होत्या.

"मैडम, पोराचं पान कुठं हाये?" तिनं आल्या आल्या विचारलं. "चुडामण भावजींनी सांगतलं व्हतं, पाह्यलं त्याच दिवशी. म्हणे, माह्या बांगड्यांचं केळीचं पान केलं गोटूनं."

भावजींनी पुढचं सांगितलं नव्हतं. ते वैजयंतीबाईंना सांगावं लागलं.

"काढलं?" धुरपदाबाईनं भिंतीकडे पाहिलं. "कायले?"

"मला वाटलं, तुम्हाला बघवणार नाही."

धुरपदाबाईनं पदर सारखा केला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"त्यांनी आणल्या व्हत्या त्या, बाजारातून. मापाच्या नव्हत्या तरी घातल्या मी. त्यांचे कपडे गेले, बिस्तर गेलं, सगळंच नदीत सोडलं लोकांनी. म्हटलं, हे एवढं तं राह्यलं. पोरानं जपलं. तेच पाह्यले आली मी, मैडम. मले इचारलं असतं तुम्ही."

वैजयंतीबाईंना मान वर करवेना. आपलं दुःख त्यांनी दुसऱ्या बाईला माप न पाहता घातलं होतं, आणि आता ते काढून घ्यायची सोय नव्हती.

वर्गातून गोटू धावत आला. त्यानं आईचा हात धरला आणि सवयीनं तिला भिंतीपाशी नेलं. काचा निघाल्या होत्या, पण सिमेंटमध्ये त्यांच्या खाचा तशाच होत्या. त्यानं आईचं बोट पकडलं आणि देठापासून एकेका खाचेतून ते फिरवायला सुरुवात केली. टोकाशी पोचल्यावर म्हणाला, "मी."

"हो रे राजा," धुरपदाबाई म्हणाली, "दिसलं मले." आणि तिनं बोट पुन्हा देठापाशी नेलं.

घमेल्यातलं सिमेंट घट्ट होत चाललं होतं. वैजयंतीबाईंनी थापी खाली ठेवली.