एकशे नव्वदचे एकशे चाळीस

दोन मजले चढून आलेली माणसं धापा टाकत रांगेत उभी होती. हॉलच्या दाराशी थंडेबाबांचा चेला प्रत्येकाचा लोंबता हात धरून उभ्याउभ्याच रक्तदाब मोजत होता. "एकशे नव्वद!" तो ओरडे, आणि माणसाचं तोंड पांढरंफटक पडे. मग अर्धा तास डोळे मिटून बसायचं आणि शेवटी हात डोक्याच्या वर धरायचा. बाबा दरडावत, "रक्ता, गार हो! उतर, बाळा, उतर!" वर धरलेल्या हातावरच पुन्हा माप. एकशे चाळीस! लोक पायांवर लोळण घेत. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं दारातल्या टोपलीत पडत.

त्या टोपलीत शिंप्याच्या दुकानातल्या कटिंग मास्तरच्याही गोळ्या गेल्या, तेव्हा त्याची धाकटी बहीण तडक तिथे पोचली. ती दवाखान्यात नर्स होती.

"दादा, गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं, तर तू कंबर मोजतोस?"

"छे! सैल सोडा म्हणतो. नाहीतर पँट चढेल का अंगात?"

"मग इथे कसा फसलास?"

तिने चेल्याच्या हातून यंत्र काढून घेतलं आणि दादाला खुर्चीत बसवलं. हात खाली लोंबवला, आकडा चढला. डोक्यावर धरला, धाडकन उतरला. शेवटी टेबलावर, छातीच्या पातळीला टेकवला. एकशे सत्तर.

"हे खरं माप. बाबा काही करत नाहीत, नुसता हात वर-खाली करतात."

मग मागून एक आजी हात जोडून म्हणाली, "बाबांची कृपा बघा! या पोरीच्या हातूनसुद्धा उतरवलं!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. पालथ्या घड्यावर पाणी! नर्सने कपाळावर हात मारून घेतला.

जिना उतरताना दादा हळूच म्हणाला, "पटलं गं. सोमवारपासून घेतो गोळ्या."

पण सोमवार उजाडायच्या आधीच, शनिवारी कापड बेतताना त्याच्या हातून कात्री गळून पडली. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

"बाबांना बोलवायचं का?" दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसलेल्या वहिनीने विचारलं.

नर्सला रडू फुटलं आणि संतापही आला. तिने वहिनीला पाच मिनिटं शांत बसवलं आणि तिचा रक्तदाब घेतला. एकशे ऐंशी.

"वहिनी, उद्याच डॉक्टरांना दाखव. गोळी दिली तर रोज घे, मनाने सोडू नकोस. आकडा उतरला म्हणून कुणी सांगितलं, तर कसा मोजला ते आधी विचार. एवढं तरी स्वतःच्या डोक्याने कर गं."

"पण मला तर काहीच होत नाहीये."

"दादालाही काही होत नव्हतं."