चीरू नावाडिणीची पुसलेली नोंद

मी एक नोंद बोलतेय. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायच्या मल्याळम ज्ञानकोशातली. म्हणजे, परवापर्यंत होते. आता तिथं माझं नाव टाकलंत, तर 'असा लेख नाही. तुम्हाला लिहायचा आहे का?' एवढंच येतं.

प्रसीताची झोप उडाली नसती, तर माझा जन्मच झाला नसता. बसमधून नदी ओलांडताना तिच्या लेकीनं, तुंबीनं, विचारलं होतं, "अम्मे, हा पूल नदीबरोबरच आला का गं?" पोरगी चेष्टा करत नव्हती. तेव्हापासून प्रसीताला घोर लागला. तिची वल्यम्मा, म्हणजे आईची थोरली बहीण चीरू, पूल होईपर्यंत याच नदीवर होडी चालवायची. नवऱ्या, बाळंतिणी, आजारी माणसं, मतपेट्या, सगळं तिनं पलीकडं नेलं. आपण विसरलो तर पोरीला सांगणार कोण? आणि आपण तर गॅसवरचं दूधही विसरतो.

म्हणून तिनं मला लिहायला घेतलं. फार भीत भीत. एक वाक्य लिहायची, दोन पुसायची. "मी कोण मोठी लिहिणारी?" असं स्वतःशीच म्हणायची. शेजारी बसलेल्या तुंबीला प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून दाखवायची. माझ्यातली तुंबीची आवडती ओळ अशी होती: 'काठावरून कूऽऽय अशी हाक मारली की चीरू तशीच हाक परत देई. उत्तर आलं नाही, तर होडी पलीकडच्या काठाला आहे असं समजून लोक थांबत.'

माझ्या कपाळावर पहिली पट्टी लागली ती 'पुरावा हवा' अशी. मग 'मायाळू', 'धाडसी' हे माझे दागिने उतरवले गेले. ते ठीकच होतं. ज्ञानकोशात कुणी इतकं नटत नाही. पुढं जोसकुट्टी नावाच्या राखणदारानं मला काढून टाकायच्या यादीत घातलं आणि चर्चेच्या पानावर प्रसीताला ताई म्हणत लिहिलं, "चेची, राग मानू नका. पण घरच्यांखेरीज कुणी या बाईंबद्दल कुठं छापलंय का?"

प्रसीताला एकदम आठवलं, वल्यम्मा गेली तेव्हा पेपरात आलं होतं! आमच्याकडे माणूस गेलं की निधनाच्या पानावर फोटो यायलाच हवा. मजकूर कुंजिरामन मामांनी दिला होता. तिनं कात्रण शोधून काढलं. त्यात होतं, 'कै. कण्णन यांच्या पत्नी चीरू. मुलगा विजयन (शारजा), मुलगी रमणी, जावई सुकुमारन (मस्कत).' बस्स.

तिनं मामांना फोन लावला. "अहो अम्मावा, यात वल्यम्माच्या होडीचं नावच नाही!"

"जावयाचं मस्कत आलंय ना?"

"मस्कतला काय करू? ती चाळीस वर्षं वल्हं मारत होती!"

"अगं, ते काय सांगायचं? सगळ्या गावाला माहीत होतं की."

मामांचं काही चुकलं नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणूनच ते कुणी छापलं नव्हतं. आणि आता त्या गावातली निम्मी माणसं त्याच निधनाच्या पानावरून निघून गेली होती.

पुलाची नोंद मात्र ज्ञानकोशात ठणठणीत आहे. त्याच्या उद्घाटनाच्या बातम्या आहेत, फीत कापणाऱ्यांची नावं आहेत. पूल नव्हता तेव्हा लोक कसे जात, हे त्यात कुठंच नाही.

जोसकुट्टीवर माझा राग नाही. यादीत माझ्या शेजारी एका दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात होती, लेखाचा सदरा घालून आलेली. तिच्यापलीकडे कुण्या भावी पुढाऱ्याची आरती. असल्यांना अडवायला चाळण लागतेच. चाळणीला चीरू काय आणि दुकान काय! शेवटी त्यानं लिहिलं, "माझ्या आजीलाही अशाच एखाद्या बाईनं पैलतीरी नेलं असेल. पण 'असेल' हा पुरावा नव्हे, चेची." आणि मी गेले.

आता मी कुठल्याशा कोठीत पडून आहे. तिथं राखणदारांखेरीज कुणाला शिरकाव नाही. तुम्हाला एकच विनवणी. तुमच्याही घरी कुणी चीरू असेल, तर ती आहे तोवर तिच्याबद्दल दोन ओळी कुठंतरी छापून आणा. जावयाचं गाव नंतर घाला.

परवा स्वयंपाकघरात प्रसीता फोनवर ते रिकामं पान बघत उभी राहिली. तिला डोळे पुसताना तुंबीनं पाहिलं.

"काय झालं, अम्मे?"

"वल्यम्माचं पान काढून टाकलं गं. आता नाही ती तिथं."

तुंबीनं आईचा हात खाली ओढला, फोनला तोंड लावलं आणि जोरात हाक दिली, "कूऽऽय!"

दोघी ऐकत राहिल्या. फोन गप्प. प्रसीताला हुंदका आवरेना.

"रडू नको ना," तुंबी म्हणाली. "होडी पलीकडं असेल. थांबू या."