अंगठा वर

"तुम्ही अजिबात काळजी करू नका, मास्तर. शनिवारी दुकान बंद ठेवून येतो," न्हावी म्हणाला, आणि एका हातात वस्तरा तसाच धरून त्याने दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला.

यांचा चेहरा पडला. तोंडाला साबण फासून बसलेलं गिऱ्हाईक आरशातून आमच्याकडे बघत होतं. पाठिंबा मिळाल्यावर माणसाने असं सुतकी तोंड का करावं, हे त्याला कळेना. मी यांच्या बाहीला धरून यांना रस्त्यावर आणलं.

"यानेही अंगठाच केला," हे म्हणाले.

"अहो, तो हो म्हणाला."

"कळतं गं मला. पण बघवत नाही."

पाण्याखाली बोलता येत नाही, तिथे सगळा कारभार हातांवर चालतो. 'ठीक आहे' म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंगठा वर केला की त्याचा अर्थ एकच, बुडी संपली, वर चला. हे तीस-बत्तीस वर्षं त्या खाणीच्या पाण्यात लोकांना स्कूबा शिकवत आले. त्यामुळे भर बाजारात कुणी अंगठा दाखवला की यांचा पाय जागीच अडायचा. एरवी आपल्या बोलण्यातही अंगठा दाखवणं म्हणजे समोरच्याला रिकाम्या हाताने वाटेला लावणं. म्हणजे जमिनीवर काय आणि पाण्यात काय, या बोटाकडून चांगली बातमी येतच नाही. मी हे यांना हसवायला म्हणाले. हे हसले नाहीत. चार दिवस दारोदार फिरून पायांचे तुकडे पडले होते, दोघांचेही.

गावामागे दगडाची जुनी खाण आहे. खोदता खोदता खाली झरे लागले, काम बंद पडलं आणि खाण भरली. पाणी इतकं नितळ की तळाशी राहून गेलेली क्रेन उन्हात वरून दिसते. आमच्या लग्नानंतर वर्षभरात यांनी काठावर पत्र्याची शेड टाकली, सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर आणला, आणि गावाने यांचं नाव बुडीमास्तर ठेवलं. माझा भाऊ त्याला 'बुडीत धंदा' म्हणायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. घर माझ्या शिवणयंत्रावर चाललं, पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान होतं. पँटी आखूड करणं, चेनी बदलणं, पडदे, आणि दर हंगामात यांच्या विद्यार्थ्यांचे फाटलेले रबरी सूट. पाण्यात मी कधी गुडघ्याच्या वर गेले नाही. पण पाण्याच्या दाबाने यांचा डावा कान निकामी झाल्यापासून घरात हाका मारून उपयोग नव्हता, तेव्हा मीही खुणा शिकले. स्वयंपाकघरातून गोल केला की जेवण तयार. तळहात आडवा हलवला की काहीतरी बिनसलंय, इकडे या. आमची भांडणंसुद्धा त्यामुळे शेजाऱ्यांना ऐकू जात नसत, बिचाऱ्यांची फार गैरसोय झाली.

आता पालिकेला ती खाण रस्त्यांच्या खोदाईतला राडारोडा टाकून बुजवायची होती. वरती गाड्यांचा तळ करायचा होता. लोकांचं काही म्हणणं असेल तर शनिवारी शाळेच्या सभागृहात येऊन मांडा, असं पालिकेने कळवलं. म्हणून आम्ही फिरत होतो.

न्हाव्यानंतर वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. तिथल्या बाई गल्ल्यावरून उठल्याही नाहीत. "आम्हाला पोहता येत नाही, मास्तर. खाण राहिली काय, बुजली काय, आमचं काय जातंय त्यात?"

माझं डोकं फिरलं. "तुमचा दीर पुरात वाहून गेला, तेव्हा तिसऱ्या दिवशी पुलाखालून कोणी काढला त्याला? खाणीत शिकलेल्या पोरांनीच ना?"

बाईंचे डोळे भरले. "येईन मी," म्हणाल्या.

दुकानाची पायरी उतरल्यावर हे थांबले. इतके दमले होते की आवाज चढवायचंही त्राण नव्हतं. "मेलेल्या माणसाच्या नावावर पाठिंबा मागायचा नाही. पुन्हा असं बोलायचं नाही."

"मग कशाच्या नावावर मागू? तुमच्या त्या क्रेनच्या?"

"मागू नकोस. घरी जा तू."

मी घरी गेले नाही. पुढच्या टायरवाल्याकडे यांच्या मागोमाग गेले आणि तोंड मिटून उभी राहिले. माझ्यासाठी हे सोपं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला ती खाण राहायला हवी होती की नको, ते माझं मलाच कळत नव्हतं. दीड वर्षापूर्वी यांचे हृदयाचे ठोके चुकू लागले. डॉक्टर चांगले फटकळ आहेत. म्हणाले, "यापुढे पाण्याखाली गेलात तर मला सांगायला तुम्ही येऊ नका, बायकोला पाठवा." यांनी मला शब्द दिला की काठावर बसून फक्त शिकवीन. आणि बसलेही. पण मी डबा घेऊन जायची तेव्हा बघायची. सगळी पोरं पाण्यात उतरली, बुडबुडे वर यायला लागले, की हे काठावरच्या दगडावर बसून श्वास त्यांच्या बरोबरीने घ्यायचे. मला तेव्हा यांची दया यायची आणि भीतीही वाटायची.

शनिवारी सभागृह भरलं. मला अपेक्षा नव्हती. न्हावी आला, टायरवाला आला, वह्यांच्या दुकानातल्या बाई नातवाला घेऊन आल्या. मधल्या रांगांत यांचे जुने-नवे विद्यार्थी बसले होते, त्यांत औषधांच्या दुकानातली मुलगी होती. मुलगी म्हणायचं, आता चाळिशीला आली. यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत सगळ्यांत शांत डोक्याची. व्यासपीठावर पालिकेच्या अधिकारी बाई होत्या, त्यांच्या शेजारी यांना बसवलं होतं. मी अगदी पुढच्या रांगेत.

बाई स्वभावाने बऱ्या वाटल्या, पण त्याही दमलेल्या होत्या. दिवसातली ही त्यांची तिसरी सभा होती म्हणे. माइक खरखरत होता, शेवटी तो बाजूला ठेवून त्या मोठ्याने म्हणाल्या, "खाण राहावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी अंगठा वर करा."

सगळ्या सभागृहात अंगठे वर झाले. फक्त मधल्या रांगांतल्या एकाचाही झाला नाही. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि सवयीने बोटांचे गोल वर केले.

"हे शून्य कोणाला दिलंत?" बाईंनी विचारलं.

सभागृह खो खो हसलं. यांनी उठून समजावलं तेव्हा बाईही हसल्या, आणि मला वाटलं, जमलं. आता हा माणूस घरी येऊन दोन घास नीट जेवेल.

मग बाईंनी चष्मा काढून पुसला. "पाठिंबा दिसतोय, नाकारत नाही. पण माझी एक अडचण आहे. तिथे रोज हजर राहणारा, आठवड्याला एकदा स्वतः खाली उतरून तळ तपासणारा एक जबाबदार माणूस लागेल. नाव आजच हवं. सोमवारी राडारोड्याच्या गाड्या लागायच्या आहेत. कोण घेतंय जबाबदारी?"

न्हावी वहाणांकडे बघू लागला. पाठिंबा द्यायला बोट पुरतं, जबाबदारीला अख्खा माणूस लागतो. मधल्या रांगांतही तेच, प्रत्येकाला नोकरी, पोरं, आजारी आईबाप. मी कोणाला दोष देत नाही. यांनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. कोणीच पुढे येईना, तेव्हा यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले.

हे गुडघ्यांवर हात टेकवून उठतात तेव्हा काय करणार असतात, ते मला तेहतीस वर्षांच्या संसारानंतर कोणी सांगायला नको. हे म्हणणार होते, मी आहे ना. आणि दर आठवड्याला त्या गार पाण्यात त्या क्रेनपर्यंत उतरणार होते, आणि एका आठवड्यात फक्त बुडबुडे वर येणार होते, मग तेही थांबणार होते.

उठण्याआधी यांनी माझ्याकडे बघितलं. खाली जाण्यापूर्वी जोडीदाराकडे बघायची सवय, दुसरं काही नाही. मी अंगठा वर केला. व्यासपीठ उंच होतं, नजरेतून सुटू नये म्हणून हात चांगला डोक्याच्या वर नेला.

पाण्यातल्या लोकांचा एक नियम आहे. बुडी मोडायला कारण लागत नाही. अंगठा नवख्याने केला असो की उस्तादाने, का म्हणून विचारायचं नाही, वाद घालायचा नाही, निघायचं. वर आल्यावरही विचारायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी माणूस लाजेल, अंगठा करणार नाही आणि जिवाला मुकेल. हे पहिल्या दिवशी पहिल्या तासाला हेच शिकवायचे.

यांनी गुडघ्यांवरचे हात काढले. माझ्याकडे बघत बोटांचा गोल केला, म्हणजे समजलं. मग बाईंकडे वळून म्हणाले, "माझ्याकडे नाव नाही, बाई. थांबू या इथेच."

सोमवारी गाड्या लागल्या. शेड उतरवली, कॉम्प्रेसर कोणीतरी येऊन घेऊन गेलं. हे रोज सकाळी सवयीने उठायचे, तयार होऊन दारापर्यंत जायचे आणि मग दूध आणतो म्हणायचे. घरात दूध मावेना. मी सोप्या शब्दांत एक उत्तर तयार ठेवलं होतं, की मला तुम्ही हवे होतात, बस. यांनी विचारलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, माझं ओझं उतरलं असतं. जेवताना, झोपताना, दिवा मालवताना मी वाट बघायची. यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

पंधरवड्यानंतर औषधांच्या दुकानातली मुलगी जॅकेटची चेन बदलायला घेऊन आली. खाण तोवर निम्मी बुजली होती. ती इकडचं तिकडचं बोलली, आणि निघताना दारात थांबली.

"मी उठणारच होते, काकू."

"कुठे?"

"सभेत. दुकानाचं कसं जमवायचं याचा विचार करत होते, तेवढा वेळ गेला. अर्धी उठलेही होते. मग तुमचा अंगठा दिसला."

"अगं, तो यांना केला होता मी. एकट्या यांना."

"अंगठा एकट्याला नसतो, काकू. एकाने केला की सगळ्यांनी निघायचं. मास्तरांनीच शिकवलंय." ती खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, घरचं काही असेल. आणि विचारायचं तर नसतं ना."

ती गेली. त्या दिवशी मी हात इतका वर नेला नसता, छातीशीच ठेवला असता, तर आज खाणीत पाणी असतं आणि हे काठावर निवांत बसले असते. मी यांना वाचवायला गेले आणि वाचवलंही, पण यांचं होतं नव्हतं ते बुजवून. कोणाला सांगणार?

संध्याकाळी हे आपला रबरी सूट घेऊन दुकानात आले आणि कापायच्या टेबलावर ठेवला. "याचं काही होतंय का बघ. गरम भांडी धरायला, नाहीतर तुझ्या स्टुलाला गादी. जाड आहे, बरी होईल."

मी कात्री उचलली. ती हातात तशीच राहिली. "औषधवाली येऊन गेली," मी म्हणाले. "ती उठत होती म्हणे, त्या दिवशी. नाव द्यायला."

"हो. बघितलं मी."

"तुम्ही बघितलंत?"

"समोरच तर होती."

"मग बोलला का नाहीत?"

यांनी सूटवरची एक जुनी शिवण बोटाने चाचपली. मीच कधीतरी घातलेली. "तू अंगठा वर केला होतास," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला ते सोसवेना. मग सूट माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आधी चेन काढून घे. चांगली आहे अजून."

मी कात्री ठेवली आणि चेनीची शिवण उसवायला घेतली. हे टेबलाच्या पलीकडे उभे राहून सूटचं दुसरं टोक ताणून धरत होते, मला सोपं जावं म्हणून.