नानकटाईचा वास

मार्गशीर्षातल्या गुरुवारी जळोचीच्या सिंधुबाईनं पातेल्यात नानकटाई मांडून झाकणावर निखारे ठेवले. दर थंडीत तिच्या सासूबाई, तानूबाई, नुसत्या वासावरनं सांगायच्या, आता काढ म्हणून. यंदा ताप उतरला तरी त्या अंथरुणात पडून होत्या. कुणाशी बोलत नव्हत्या.

"आत्याबाई, झाली का?"

तानूबाईंनी भिंतीकडं कूस बदलली. तुपाचा वास घरभर भरला, तरी सिंधुबाईनं निखारे काढले नाहीत. देवीचं नाव घेत ती तशीच बसून राहिली.

"काढ की गं, करपंल," अंथरुणातून आवाज आला.

सिंधुबाईनं लगबगीनं पातेलं उतरवलं आणि पहिली नानकटाई देवीपुढं ठेवली.

"उपास तुझा हाय, माझा न्हाय. हिकडं आण एक."

"व्हय, आणते," म्हणत सिंधुबाईनं डोळे पुसले आणि देवीला पुन्हा हात जोडले.