दाबलं, ओढलं, सोडलं

दाबलं.

"अगं, पुन्हा खालची ओळ निळी झाली!" खुर्चीमागून नवरा ओरडला.

"दिसतंय मला. हात गेलाय, डोळे शाबूत आहेत."

बाई सव्वीस वर्षं औषधांच्या डब्यात घालायची माहितीपत्रकं तपासत होत्या. वर्षभरापासून उजवा हात थरथरत होता. शब्द निवडायला माऊस ओढला की निवड घसरून खालच्या ओळीवर जायची. गेल्या आठवड्यात एका शब्दाबरोबर 'लहान मुलांना देऊ नये' ही अख्खी ओळ पुसली गेली. छापण्याआधी शेजारच्या तपासनिसाच्या नजरेला पडलं, म्हणून निभावलं. साहेब म्हणाले, सोमवारी माझ्यासमोर एक पान दुरुस्त करून दाखवा. नाहीतर गोदाम सांभाळा.

आज रविवार.

"माऊस सोड ना. कीबोर्डच्या बटणांनी निवड."

"बोट बटणावर ठरलं तर ना! एकदा दाबावं, चारदा उमटतं."

ओढलं.

संगणकातला मजकुराचा एडिटर जुना, पण गुणी. सूचना लिहून दिल्या की आपली चाल बदलायचा. बाईंनी त्याला बरंच काही शिकवलं होतं. पण थरथरीला काय शिकवणार?

नवऱ्याचा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेलेला. "हँडलला थोडी ढील ठेव," तो म्हणाला. "आम्ही ठेवायचो. जरा हललं की लगेच पाणी यायला नको."

बाई गर्रकन वळल्या. "अहो, परत बोला!"

"काय, पाणी?"

"ढील!"

आणि लिहीत सुटल्या. बटण दाबलं ती जागा लक्षात ठेव. माऊस अर्ध्या ओळीहून कमी वरखाली झाला, तर ओळ बदलू नकोस. बटण सुटलं तर लगेच खरं मानू नकोस, पाव सेकंद थांब. बोट चुकून उचललं गेलं असेल.

ओढलं. ओढलं. ओढलं.

सरळ! निळी पट्टी सरळ! बाईंनी आनंदाने माऊस पार एडिटरच्या खिडकीबाहेर नेला, आणि अख्खं पान निळं झालं.

"अरे, सोडलं तरी हा सोडेना!"

"तुझ्या हाताखाली तयार झालाय."

"गप्प बसा हो! थांबा... बाहेर बोट उचललं तर ह्याला कळतच नाही!" त्या टाळी वाजवून हसल्या. आणखी एक सूचना: माऊस परत आत आला आणि बटण दाबलेलं नसेल, तर निवड तिथेच संपव.

चहा दोनदा निवला. नवऱ्याने तिसऱ्यांदा केला.

सोडलं.

सोमवारी बाईंनी त्याच सूचना कचेरीतल्या एडिटरला दिल्या. साहेब पाठीमागे उभे राहिले. बाईंनी बटण दाबलं. माऊस टेबलावर टकटक वाजू लागला. साहेबांनी हाताकडे पाहिलं आणि चटकन नजर पडद्याकडे नेली. तिथे 'जेवणाआधी' एवढाच शब्द निळा होता. बाईंनी 'जेवणानंतर' केलं. मग पुढची चूक. मग पुढची. खालच्या ओळी जागच्या जागी.

"ताई, मलाही द्या हे," शेजारचा तपासनीस कुजबुजला.

साहेबांनी दुसरं पान टेबलावर ठेवलं. तसेच उभे राहिले.

"साहेब," बाई मान न वळवता म्हणाल्या, "जरा बाजूला सरा. उजेड अडतोय."

साहेब सरले. माऊस टकटकत राहिला.