मासोळीच्या उशाची वाटी

गल्लीच्या टोकाला जी बंद पडलेली लाँड्री आहे, तिच्यात त्या संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. पूर्वी जिथे चादरींचे ढीग असत तिथे आता माणसांचे ढीग. सगळ्यांचे कपडे घामाने पाठीला चिकटलेले. समुद्राकाठच्या शहरात वारासुद्धा ओल्या फडक्यासारखा अंगावरून फिरतो. घामाचा थेंब नव्हता तो फक्त समोर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कपाळावर. म्हणूनच लोक त्याला कोरडेबाबा म्हणत. त्याच्याकडे तोंड करून ठेवलेले दोन पंखे मात्र कुणाला दिसत नव्हते.

"बघा!" बाबांनी एक वाटी उंच धरली. "काल या शिंपीदादांच्या उशाशी मी कोरडे पांढरे खडे ठेवायला दिले. आज वाटीत काय आहे?"

"पाणी!"

"कुणी ओतलं?"

"कुणीच नाही!"

"मग आलं कुठून? अहो, समुद्र बाहेर नाही, समुद्र आत आहे! दुखणं म्हणजे आत साचलेलं पाणी. माझे खडे ते ओढून घेतात. दारं लावा, भिंत मध्ये घाला, काच मध्ये घाला, ते पाणी अडत नाही. वाटी कोरडी राहिली की समजा, माणूस सुटला!"

शिंप्याने वाटीत बोट बुडवून चाखलं. "खारट! कडू!" तो असा आनंदाने ओरडला की जणू बक्षीसच लागलं.

"माझ्या सासूच्या उशाशी वाटी नको, पिंप द्या," मागून बर्फवाला म्हणाला. लोक हसले, पण हसता हसता पुढे सरकले. बाबांनी बरणी उघडून मूठभर खडे काढले आणि झाकण पुन्हा घट्ट दाबलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. एरवी मीही हसले असते. पण पहिल्या रांगेत माझी वहिनी बसली होती. तिच्या मुठीत त्याच खड्यांची रबरी बुचाची बाटली होती, आणि तिची एकुलती लेक घरी खोलीत होती. बाहेरून कडी लावलेल्या खोलीत.

त्या पोरीला सारी गल्ली मासोळी म्हणते. चालायच्या आधी पोहली, असं लोक सांगतात. किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून तिची निवड झाली, त्याच आठवड्यात ती सरावात भोवळ येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, "उपाशी पोटी उन्हात पोहलीस. खात जा." इतकं साधं कारण वहिनीला पटेना. तिचा नवरा, म्हणजे माझा दादा, बंदरातल्या बोटीवर कामाला होता. एका सकाळी समुद्राने त्याला नेलं आणि परत काही दिलं नाही. ज्या बाईकडून समुद्राने एवढं घेतलं, तिला चार शब्दांचं कारण कसं पुरणार? कोरडेबाबांनी सांगितलं, "पोरीला पाण्याने धरलंय. वाटी कोरडी राहीपर्यंत उंबरा ओलांडू देऊ नका." तेवढं मात्र तिला पटलं.

वाटी रोज भरत होती. कडी रोज लागत होती.

माझी गॅलरी आणि मासोळीची खिडकी यांत फक्त गल्लीची रुंदी. गजांना खाऱ्या हवेने गंज चढलेला, पडदा मिठाने ताठ झालेला. खाली गल्लीतली मुलं रविवारच्या पोहण्याच्या शर्यतीसाठी रस्त्यावरच उभी राहून हात मारत होती. सायकलवाले त्यांना चुकवत, शिव्या घालत जात होते.

"बघ गं आत्या," मासोळी म्हणाली, "ती रस्त्यावर पोहतायत आणि मी खोलीत बुडतेय. रविवारी माझा कामाचा पहिला दिवस. नाही गेले तर जागा दुसऱ्याला देतील."

"मी येते आणि कडी काढते."

"कडी मलाही तोडता येईल. आईला कशी तोडू?"

बंद दारापलीकडे वहिनी बसलेली असे. दळताना गुणगुणावं तशी हलक्या आवाजात काहीबाही जुळवत असे. ते मलाही ऐकू येई:

*दाराला लाविते कडी, कडीवरी माझा हात,*
*लेक माझी आत कोरडी, पाणी माझ्या डोळियांत.*

अशा दारावर लाथ कोण मारणार?

"आत्या, एक सांग," मासोळी गजांना टेकून म्हणाली. "दिवसभर दुसरं काही काम नाही, म्हणून मी त्या खड्यांकडेच बघत बसते. बाबा बरणीचं झाकण एवढ्या घाईने का लावतात? आणि आईला का बजावलं, बाटलीचं बूच क्षणभरही उघडं ठेवू नको म्हणून? पाणी जर माझ्यातून येतं, तर बाटलीतल्या खड्यांना कसली भीती?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या एका बाटलीचं झाकण सुट्टीत उघडं राहिलं होतं. सुट्टीनंतर पाहतो तर आतल्या पांढऱ्या खड्यांचं पाणी झालेलं! पोरीने कोंडलेल्या खोलीत बसून जे पाहिलं, ते मी फळ्यावर लिहून विसरले होते.

पण शहाणपणाच्या भरात मी घोळ घातला. वहिनीला म्हटलं, "एक वाटी दादाच्या रिकाम्या खुर्चीखाली ठेव. तिथे तर कुणीच बसत नाही. ती भरली, तर पाणी माणसातून येत नाही हे सिद्ध झालं."

सकाळी वाटी काठोकाठ भरलेली. मी विजयाने वहिनीकडे पाहिलं. ती खुर्चीचे पाय धरून रडत होती.

"वन्सं, ते आलेत हो! समुद्रातून भिजून आलेत. खुर्चीत बसलेत."

कबूल करते, क्षणभर माझाही हात खुर्चीकडे गेला. माझाच भाऊ तो. त्या दिवशी वहिनीने खोलीला दुसरी कडी बसवून घेतली. नवरा न्यायला आलाय, आता लेकीला कशी सोडायची?

खिडकीतून मासोळी रागावली नाही. फक्त म्हणाली, "तू पप्पांना मध्ये आणायला नको होतंस. आता मलाच आईशी बोलू दे."

ती दाराला तोंड लावून बोलली. पलीकडून वहिनी ऐकत होती.

"आई, बाबा काय म्हणाले? काच मध्ये घातली तरी पाणी अडत नाही ना? मग आज दोन वाट्या ठेव. एक उघडी. एकीवर काचेचं झाकण, कडेला मेण. तुझ्याच हाताने लाव. मी हात लावणार नाही, आत्याही नाही. दोन्ही माझ्या उशाशी. कोरडी राहिली तरी तू ठरव, भरली तरी तूच ठरव. मी काही बोलणार नाही."

वहिनीने मेण वितळवलं. देव्हाऱ्यातली फुलं हाताळावीत तसं झाकणाभोवती बोट फिरवलं. आणि रात्रभर दारात बसली.

सकाळी उघड्या वाटीत पाणी होतं. झाकलेल्या वाटीतले खडे आदल्या संध्याकाळइतकेच कोरडे, पांढरे, खडखडीत.

वहिनीने दोन्ही वाट्या उचलल्या, बाहेर आली आणि कड्या लावल्या. दोन्ही. खिडकीत मासोळीचा चेहरा दिसला, मग दिसेनासा झाला.

रविवार होता तो. किनाऱ्यावर शर्यतीचा मांडव, भोंगे, टॉवेल खांद्यावर टाकून ताटकळणारी मुलं. यंदाचे पाहुणे, अर्थातच, कोरडेबाबा. खुर्च्या मांडायचं काम आमच्या शाळेकडे होतं. त्यामुळे मी पहाटेच बाबांच्या खुर्चीच्या झालरीआड एक छोटी गोष्ट ठेवून आले होते.

बाबांचं भाषण रंगात आलं होतं. "समुद्र बाहेर नाही..."

"बाबा," वहिनी दोन्ही वाट्या घेऊन थेट मंचावर चढली. "झाकलेली वाटी कोरडी कशी?"

बाबांनी वाट्या पाहिल्या. "काच मध्ये आली ना बाई. काचेतून पाणी कसं येणार?"

"तुम्हीच म्हणालात, काच अडवत नाही."

"अविश्वासाने झाकण लावलं की अडतं."

"झाकण मी लावलं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "तुमच्या शब्दावर मी पोटच्या पोरीला कोंडलं. अजून किती विश्वास हवा होता?"

मी पुढे होऊन झालर उचलली आणि खुर्चीखालची वाटी काढली. सकाळपासून समुद्राच्या वाऱ्यात राहून तिच्यातले खडे पाण्यात पोहत होते.

"बाबा, हे तुमचेच खडे, वहिनीच्या बाटलीतले. वर तुम्हीच बसला होता. किती साचवलंय हो आत!"

आधी शिंपी हसला, मग सगळा मांडव. "कोंडा बाबांना!" बर्फवाला ओरडला. "वाटी कोरडी राहीपर्यंत लाँड्रीत कोंडा!" लोक खरंच पुढे धावले. कुणीतरी बाबांची पिशवी ओढली. आतून एकाऐवजी दोन बरण्या निघाल्या. एकीला घट्ट रबरी झाकण. दुसरी उघडीच, आणि तिच्यात मासे पाळतात त्या पेटीत घालायची पांढरी खडी. ज्याला 'सुटला' म्हणायचं त्याला ही कोरडीच राहणारी खडी, ज्याला अडकवायचं त्याला ते पाणी सुटणारे खडे.

"कुणाला कोंडू नका," वहिनी म्हणाली. मोठ्याने नाही, पण गर्दी थांबली. "बाबा असो की कुणी. कुणालाच कोंडू नका."

आणि ती घराकडे धावत सुटली.

मग मी भोंगा हातात घेतला. म्हटलं, ऐका. या खड्यांना कॅल्शियम क्लोराइड म्हणतात. हवेतली ओल पिऊन ते स्वतःच विरघळतात, म्हणून वाटीत पाणी दिसतं. म्हणून ते खारट-कडू लागतं. आपल्या शहराची हवा कायम ओली, तेव्हा इथे उघडी वाटी आजाऱ्याच्या उशाशी भरेल, धडधाकटाच्या उशाशी भरेल, रिकाम्या खुर्चीखालीही भरेल. त्यात कुणाचं दुखणं नाही, कुणाचा आत्मा नाही. हा आपण रोज श्वासात घेतो तो वारा आहे.

कुणीही चमत्कार दाखवला तर त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच विचारा: झाकण लावलं तर काय होईल? माणूस नसेल तिथे ठेवलं तर? दाखवणाऱ्याच्याच खुर्चीखाली ठेवलं तर? आणि उत्तर बघताना आपलं मन किती दुखावलेलं आहे, हेही बघा. मी ते बघितलं नव्हतं, आणि एका बाईचं जुनं दुःख उगाच उकरून काढलं. अशा माणसाला टोमणा मारून भागत नाही. त्याच्याच हातात मेण आणि झाकण द्यावं लागतं.

पहिली शर्यत सुटायच्या आधी मासोळी किनाऱ्यावर आली. गळ्यात शिट्टी, मागे वहिनी. पोरगी उंच खुर्चीवर चढून बसली आणि पाण्याकडे पाहू लागली. वहिनी खाली वाळूत उभी राहिली. लाटा तिच्या पावलांपर्यंत येत होत्या. ती मागे सरकली नाही. एका हातात लेकीचा टॉवेल होता. दुसऱ्या हाताच्या मुठीत दोन्ही कड्या, दारावरून उपटून आणलेल्या, वाकलेल्या खिळ्यांसकट.

"आई, जेवण आणलंस का?" वरून मासोळीने विचारलं.

"आणलंय. आधी खा, मग पोह," वहिनी म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत डबा उघडू लागली.